कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षात गणिताचा कोणता पेपर घ्यावा?

ॲडमिशन झालं, विषय निवडीचा फॉर्म समोर आला आणि गणिताच्या रकान्यात तीन-चार नावं दिसली: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स. पोर्टल दोन दिवसांत बंद होणार असतं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "सोपा कुठलाय?" आणि एखादा सिनियर जे सांगेल ते टिक होतं. सिनियरचं उत्तर चुकीचं असतं असं नाही, पण ते बहुतेक वेळा विषयाबद्दल नसून पेपर तपासणाऱ्या सरांबद्दल असतं.

आधी हे बघा: तुम्हाला निवड आहे का?

इंजिनिअरिंगला असाल तर पहिल्या वर्षी फारसा प्रश्न येत नाही. एम-वन आणि एम-टू सगळ्यांनाच असतात, त्यात कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सचा भरणा असतो, आणि डिस्क्रीट बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर शाखेत येतं. खरी निवड असते ती बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए अशा कोर्सेसना, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर ज्यांना मेजरसोबत मायनर निवडायचा आहे त्यांना. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गात. म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर घेतला की ६० तास त्या विषयासोबत काढायचे आहेत.

डिस्क्रीट मॅथ्स: नाव अनोळखी, पण रोज हातात

डिस्क्रीट म्हणजे सुटं-सुटं. कॅल्क्युलसमध्ये सलग बदलणाऱ्या गोष्टी असतात, इथे मोजता येणाऱ्या. कॉम्प्युटरच्या आत सगळं ० आणि १ मध्ये असतं, म्हणून हे त्याचं घरचं गणित.

फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआय नंबर दिसेल, १५ आकडी. त्यातला शेवटचा आकडा हा बाकीच्या १४ आकड्यांवरून काढलेला असतो. पद्धत अशी: डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे आकडे दुप्पट करा, दुप्पट ९ पेक्षा जास्त आली तर त्यातून ९ वजा करा, आणि सगळ्या १५ आकड्यांची बेरीज करा. बेरजेला १० ने पूर्ण भाग जायला हवा. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. याला लुनचा अल्गोरिदम म्हणतात. डेबिट आणि क्रेडिट कार्डाच्या नंबरलाही हाच वापरतात.

आता गंमत. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर ही पद्धत नक्की पकडते. पण शेजारचे ० आणि ९ उलटे झाले, म्हणजे ०९ च्या जागी ९० पडलं, तर पकडत नाही. का? ० ची दुप्पट ०, आणि ९ ची दुप्पट १८ वजा ९ म्हणजे परत ९. जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. आधार नंबरचा शेवटचा आकडा मात्र व्हेरहोफ नावाच्या वेगळ्या पद्धतीने निघतो, आणि ती शेजारच्या आकड्यांची कुठलीही अदलाबदल पकडते. हे कसं जमतं याचं उत्तर मॉड्युलर अरिथमेटिक आणि ग्रुप थिअरीत आहे. डिस्क्रीटच्या पेपरमध्ये नेमकं हेच शिकवतात, फक्त फोनचं नाव न घेता.

मोजणीचंही तसंच. चार आकडी पिनचे १०,००० प्रकार होतात, सहा आकडी पिनचे १०,००,०००. मग अँड्रॉइडच्या पॅटर्न लॉकचे किती? नऊ ठिपके, किमान चार जोडायचे. नुसते क्रम मोजले तर ९,८५,८२४ येतात. पण मधला न जोडलेला ठिपका ओलांडून पुढे जाता येत नाही, हा नियम लावला की उरतात ३,८९,११२. म्हणजे पॅटर्न चार आकडी पिनपेक्षा बराच पुढे, सहा आकडी पिनच्या निम्म्यालाही कमी. (हा झाला कागदावरचा हिशोब. सगळ्यांनीच इंग्रजी एल काढायचा ठरवला तर गणित काय करणार!)

याशिवाय लॉजिक असतं, जे प्रोग्राममधल्या प्रत्येक अटीत लागतं. इंडक्शन असतं, जे समजलं की रिकर्शनची भीती निम्मी जाते. आणि ग्राफ थिअरी असते. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवताना जी कल्पना वापरली, तिच्यावरच आजचे मॅप्स रस्ते शोधतात.

एक इशारा. या पेपरमध्ये सूत्रात आकडे टाकून उत्तर काढणं कमी, आणि "सिद्ध करा" जास्त. बारावीपर्यंत पाठ करून ९० मार्क काढलेली मुलं पहिल्या युनिट टेस्टला इथे गडबडतात. सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो.

लिनियर अल्जेब्रा

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० चौकटींचा तक्ता, आणि प्रत्येक चौकटीत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. एकूण ३ कोटी ६० लाख. फोटो ब्लर करायचा म्हणजे प्रत्येक आकड्याच्या जागी त्याच्या आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी ठेवायची. फिरवायचा म्हणजे मॅट्रिक्सने गुणायचं. चॅटबॉटच्या आतलं काम हेही बहुतांश प्रचंड मोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकारच, आणि ते झपाट्याने करतात म्हणून ग्राफिक्स कार्डांना एवढा भाव आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा पेजरँक, ज्यावर गूगल सर्च उभं राहिलं, तोही मुळात आयगेनव्हेक्टरचा प्रश्न.

एआय, गेम्स किंवा ग्राफिक्समध्ये जायचं डोक्यात असेल तर हा पेपर सोडू नका. आकडेमोड सोपी, कंटाळवाणी असते. अर्थ मात्र चित्र काढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

स्टॅटिस्टिक्स आणि प्रोबॅबिलिटी

समजा १००० मेसेजपैकी २०० स्पॅम आहेत. "लकी ड्रॉ" हे शब्द ८० स्पॅम मेसेजमध्ये आहेत आणि उरलेल्या ८०० चांगल्या मेसेजपैकी फक्त ८ मध्ये. आता "लकी ड्रॉ" असलेला नवा मेसेज आला, तर तो स्पॅम असण्याची शक्यता ८८ पैकी ८०, म्हणजे सुमारे ९१ टक्के. हा बेझचा नियम. डेटा सायन्सकडे कल असेल तर हा पेपर हवाच. फक्त सिलॅबस बघून घ्या: काही ठिकाणी यात प्रोबॅबिलिटी नावापुरती आणि तक्ते-आलेख भरपूर असतात.

कॅल्क्युलस

बारावी सायन्सला गणित घेतलेल्यांचं निम्मं कॅल्क्युलस झालेलं असतं, म्हणून तो "सेफ" वाटतो. मशीन लर्निंगमध्ये मॉडेल शिकतं ते डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूलच्या जोरावर, त्यामुळे निरुपयोगी अजिबात नाही. पण निवड एकाच पेपरची असेल तर येत असलेलं परत घेण्यात काय फायदा?

मग घ्यायचा कुठला?

माझं मत सरळ आहे. एकच घेता येत असेल आणि पुढे डिस्क्रीट सक्तीचं नसेल, तर डिस्क्रीट. दुसऱ्या वर्षी ते सगळ्यांना येणारच असेल, तर आत्ता लिनियर अल्जेब्रा. कॉमर्स, आर्ट्स किंवा बायोलॉजीवरून आलेल्यांनीही डिस्क्रीटला घाबरू नये. ते जवळजवळ शून्यापासून सुरू होतं. त्यांना जड जाईल तो कॅल्क्युलस, कारण तिथे अकरावी-बारावी गृहीत धरलेली असते.

"मला फक्त ॲप बनवायचेत, गणित कशाला?" हा प्रश्न चुकीचा नाही. साध्या ॲपला खरंच फारसं गणित लागत नाही. अडतं ते पुढच्या दारावर. गेटच्या कॉम्प्युटर सायन्स पेपरमध्ये इंजिनिअरिंग मॅथ्सला १०० पैकी साधारण १३ मार्क असतात आणि वरचे चारही विषय त्यात येतात. २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स आणि एआयच्या गेट पेपरमध्ये लिनियर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि कॅल्क्युलस आहेत. एनआयटीमधल्या एमसीएसाठीच्या निमसेट परीक्षेत सर्वात मोठा वाटा गणिताचा. जर्मनीत मास्टर्सला जायचं असेल तर तिथली बरीच विद्यापीठं पदवीत गणिताचे किती क्रेडिट झाले ते मोजतात. तिसऱ्या वर्षी हे कळून उपयोग नसतो.

फॉर्म सबमिट करण्याआधी

पेपरच्या नावावर जाऊ नका, सिलॅबसची पीडीएफ उघडून युनिट वाचा. "मॅथ्स फॉर कॉम्प्युटिंग" या नावाखाली कुठे डिस्क्रीट असतं, कुठे टक्केवारी आणि व्याज. मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळा. दुसऱ्या वर्षीच्या कुठल्या पेपरला हा पेपर आधी झालेला लागतो, ते विभागात जाऊन विचारा. विषय बदलायची मुदत किती दिवस आहे तेही विचारून ठेवा.

राहिलेला विषय बाहेरून करता येतो. यूजीसीच्या नियमांनुसार एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंतचे क्रेडिट स्वयम पोर्टलवरच्या कोर्समधून घेता येतात, पण कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला हवा, तेव्हा नाव नोंदवण्याआधीच परवानगी घ्या. एनपीटीईएलचे कोर्स शिकायला फुकट आहेत. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यावी लागते. फक्त समजून घ्यायचं असेल तर एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनियर अल्जेब्राची लेक्चर्स मोफत आहेत. इंग्रजी संथ आहे, आणि कळलं नाही तर मागे नेऊन परत ऐकता येतं.