वऱ्हाडचा कापूस आणि दोन देशांचे कामगार

हल्लीं वाशिम जिल्ह्याच्या शेतांत सोयाबीन अधिक दिसतें. पण शंभर वर्षांपूर्वीं कारंजाच्या बाजारांत कापसाच्या बैलगाड्यांची रीघ लागे. तो माल वाहण्याकरितांच मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी कारंजावरून नेण्यांत आली होती. सरकी काढून दाबलेल्या गासड्या मुंबईस पोंचत आणि तेथें त्यांच्या वाटा फुटत. कांहीं परळ-लालबागच्या गिरण्यांत जात. कांहीं बोटीनें जपानांतील कोबे बंदरीं उतरून ओसाकाच्या गिरण्यांत जात. परदेशांत हा आखूड धाग्याचा कापूस अमरावतीवरून पडलेल्या ‘ऊमरा’ या नांवानें ओळखला जाई. एकाच मुलखाचा कापूस दोन देशांचे कामगार कांतीत असल्यामुळें त्यांच्या कामाची तुलना करण्यास चांगलें साधन मिळतें.

प्रारंभीं मुंबई पुढें होती. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली, ओसाकाची पहिली मोठी गिरणी १८८३ सालीं. दोहोंकडे यंत्रें बहुतेक इंग्लंडचींच. १९१० च्या सुमारास एका कामगाराच्या वांट्यास येणारीं यंत्रें मोजलीं, तर हिंदुस्थान व जपान जवळजवळ बरोबरीचे होते. इंग्लंडचा कामगार त्यांच्या सुमारें चौपट, तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतांतील सुमारें सहापट यंत्रें सांभाळी. पुढील पंचवीस वर्षांत जपानी कामगारामागें उत्पन्न झपाट्यानें वाढलें. मुंबईचें माप मात्र फारसें हललें नाहीं.

याचें एक कारण कापसाच्या मिश्रणांत आहे. जपानी गिरण्या हिंदी कापसांत लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मिसळीत. त्यामुळें सूत कमी तुटे, आणि सूत कमी तुटलें म्हणजे सांधणारे हातही कमी लागतात. दुसरें कारण यंत्रांचें. जपानी गिरण्या दोन पाळ्यांनीं रात्रंदिवस चालत; त्यानें यंत्रामागें उत्पन्न वाढे, कामगारामागें नव्हे. १९२९ सालीं स्त्रियांचें रात्रींचें काम बंद झालें, तेव्हां थोड्या तासांत अधिक काम काढणें गिरण्यांना भाग पडलें. तोयोदा यांचा स्वयंचलित माग १९२४ सालींच तयार झाला होता. पांच वर्षांनीं ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीनें त्याचे हक्क विकत घेतले. ज्यांनीं जपानला यंत्रें पुरविलीं, तेच आतां जपानपासून यंत्रविद्या घेऊं लागले.

या प्रगतीची किंमत खेड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुलींनीं दिली. गिरणीच्याच वसतिगृहांत राहून त्या दीर्घ पाळ्या करीत, आणि क्षयानें खंगून घरीं परतणाऱ्याही थोड्या नव्हत्या.

मुंबईंत कोंकणांतून व देशावरून आलेला कामगार जॉबरच्या मर्जीवर व बदलीच्या कामावर अवलंबून असे. विणकर सामान्यतः दोन माग चालवी. मालकांनीं तीन माग चालविण्याची योजना पुढें आणली. सहा मागांना जेथें तीन माणसें लागत, तेथें दोनच पुरणार. मग तिसऱ्यानें कोठें जावें? सूत तेंच, वरचेवर तुटणारें. माग तेच, जुने. अशा स्थितींत तिसरा माग म्हणजे प्रगति नव्हे, नुसता जाच, असें कामगारांस वाटलें. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपानें थंड पडल्या.

या चढाओढीची झळ वऱ्हाडच्या शेतकऱ्यासही लागली. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें जपानी कापडावर शेंकडा ७५ जकात बसविली आणि जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारानें कापूस व कापड यांची सांगड घालण्यांत आली: जपाननें वर्षास दहा लाख गासड्या उचलल्या, तर त्यास साडेबत्तीस कोटी वार कापड आणतां येई, पंधरा लाख उचलल्या, तर चाळीस कोटी. म्हणजे कारंजाच्या बाजारांतील भाव ओसाकाच्या मागावरही ठरूं लागला.

‘आपला कामगार आळशी’ हा निकाल सोपा खरा. पण १९१० च्या बरोबरीनें तो खोटा ठरतो. हातांना चांगलें सूत व नवें यंत्र मिळालें काय, आणि मोकळ्या झालेल्या तिसऱ्या माणसाची सोय कोणी लावली, हें पाहिल्यावांचून कामगाराच्या कर्तबगारीचा हिशेब पुरा होत नाहीं.