ऑनलाइन सातबाऱ्यात चूक दिसली? फार्मर आयडीआधी दुरुस्त करून घ्या

रावेर असो की साक्री, सातबारा आता मोबाईलवर दिसतो. पण दिसतो तो बरोबरच असेल, असं धरून चालू नका. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात उतरवताना कुणाच्या नावात काना-मात्रा चुकली, कुणाचा फेडलेला बोजा तसाच राहिला. टिंब एक घर सरकलं की 0.81 हेक्टरचे 8.10 होतात. म्हणजे दोन एकरवाला शेतकरी कागदावर एकदम वीस एकरवाला!

शासनालाही हे ठाऊक होतं. म्हणून आधी माहिती तपासायची, मग ऑनलाइन द्यायची, असं ठरलं. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा शेजारी ठेवून 'एडिट', नंतर 'री-एडिट'मध्ये दुरुस्त्या झाल्या. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळते का, हेही पाहिलं गेलं. गावोगावी चावडी वाचन झालं. तिथं किती जण हजर होते, ते गावालाच माहीत. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तरी काही चुका राहिल्याच.

पूर्वी अशी चूक दप्तरात पडून राहायची. आता तीच नोंद पीक कर्ज, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी अशी सगळीकडे जाते. आधारवर नाव एक अन् सातबाऱ्यावर दुसरं असलं, की काम अडकतं.

लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्त होते. तलाठ्याला तोंडी सांगून भागत नाही. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि ज्या फेरफाराने नाव किंवा क्षेत्र लागलं, त्याची नक्कल जोडा. घरात नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. खरा जोर याच कागदात आहे, कारण मूळ नोंद बरोबर होती अन् उतरवताना चुकली, हे त्यावरूनच दिसतं. तहसीलदारांचा आदेश झाला की फेरफार धरला जातो.

भाऊबंदकीत हिस्सा कोणाचा, हा वाद मात्र कलम 155 मध्ये सुटत नाही. त्यासाठी अपील किंवा दिवाणी कोर्ट.

दुरुस्तीनंतर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढा. फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो. आठ-अ पण बघा. सातबारा सुधारला अन् खात्यावर जुनंच क्षेत्र राहिलं, तर पुन्हा तहसीलची वारी.