वाहनासोबत कुत्र्याची दौड : व्यायाम की जिवाशी खेळ?

पहाटेची वेळ. वसाहतीतल्या रस्त्यावरून एक स्कूटर संथपणे चालली आहे. चालकाने मनगटाला साखळी गुंडाळली आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जीभ बाहेर काढून एक लॅब्राडोर धावतो आहे. शहरांत हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. मालकाला कामावर जाण्याची घाई असते, कुत्र्याला पळण्याची हौस असते. वरवर पाहता यात दोघांचीही सोय दिसते. मात्र ही सोय कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

चालत्या मोटारीला किंवा दुचाकीला बांधून कुत्र्याला पळवणे सुरक्षित नाही. कुत्र्याला धावणे झेपत नाही, असे नव्हे. या प्रकारात वेग कुत्रा ठरवत नाही, वाहन ठरवते आणि वाहनाला थकवा येत नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे.

गती कोणाची?

माणूस ताशी साधारण पाच किलोमीटर वेगाने चालतो. मध्यम आकाराचा निरोगी कुत्रा ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने दुडक्या चालीत सहज जातो. स्कूटरवरच्या माणसाला ताशी २० ते २५ किलोमीटरचा वेग संथ वाटतो, पण अनेक कुत्र्यांच्या दृष्टीने ती भरधाव दौड असते. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो, तोदेखील काही शे मीटरपुरताच.

मोकळा कुत्रा धावतो, थांबतो, हुंगतो, सावलीत बसतो. बांधलेल्या कुत्र्याला ही मुभा नसते. त्यातच धन्याच्या मागे जाणे हा त्याचा स्वभाव. दम लागला तरी तो पाय ओढत राहतो. चालकाची नजर समोरच्या रस्त्यावर असल्याने कुत्र्याची अवस्था त्याला वेळीच दिसत नाही.

उष्णतेचा धोका

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. त्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांनाच येतो. शरीर थंड ठेवण्यासाठी त्याची खरी भिस्त धापा टाकण्यावर असते. हवा दमट असेल तर हा उपायही अपुरा पडतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात हा धोका विशेष आहे. तापमान ४१ अंशांच्या वर गेल्यास उष्माघात होऊन मूत्रपिंड, यकृत व मेंदूला इजा होऊ शकते. पग, बुलडॉग, बॉक्सर यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वसनमार्गाची रचनाच अरुंद असल्याने त्यांना तर असे पळवूच नये.

उन्हात डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. हवेचे तापमान ३१ अंश असतानाही तो ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल, तर तो रस्ता पंजांसाठीही योग्य नाही.

कोणासाठी अधिक घातक?

मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांची वाढ १२ ते १८ महिन्यांपर्यंत सुरू असते. या वयात कठीण रस्त्यावर सक्तीने धावल्यास सांध्यांवर कायमचा परिणाम होण्याची भीती असते. वृद्ध, स्थूल आणि हृदयाचा किंवा खुब्याच्या सांध्याचा विकार असलेले कुत्रेही याच गटात मोडतात. रुंद, खोल छातीच्या मोठ्या जातींना भरपेट खाल्ल्यानंतर पळवणे टाळावे. त्यांच्यात पोट फुगून पीळ बसण्याचा प्राणघातक प्रकार घडू शकतो.

दोरी आणि चाक

रस्त्यात मांजर आडवे येते, भटकी कुत्री अंगावर धावून येतात, मागून हॉर्न वाजतो. अशा वेळी कुत्रा अचानक बाजूला झेपावतो. साखळी चाकात अडकते किंवा दुचाकीचा तोल जातो. एका हाताने गाडी चालवणाऱ्याला ब्रेकही नीट लावता येत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. कुत्रा पडल्याचे चालकाच्या ध्यानात येईपर्यंत तो तेवढा फरफटलेला असतो. पट्टा गळ्यात असेल, तर सारा ताण श्वासनलिकेवर येतो.

नियम काय सांगतात?

जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमांनुसार मोटार वाहनातून प्राण्याला सोबत धाववण्यास बंदी आहे. सायकलवरून केवळ कुत्र्याला नेण्याची मुभा आहे. इटलीत तर सायकलस्वारालाही प्राणी सोबत नेता येत नाही.

या संदर्भात अलास्कातील स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा दाखला अनेकदा दिला जातो. बर्फ पडण्यापूर्वी त्यांचा सराव चारचाकी वाहनाला जुंपून घेतला जातो, हे खरे. पण तेथे कुत्रे पुढे आणि वाहन मागे असते. छातीभोवतीच्या पट्ट्याने ते वाहन ओढतात, हवा थंड असते आणि प्रत्येक कुत्रा चालकाच्या नजरेसमोर असतो. आपल्याकडील प्रकार याच्या नेमका उलट आहे.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने वागवणे हा गुन्हा आहे. प्राण्याला जाणूनबुजून ठार किंवा जायबंदी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात डिसेंबर २०२० मध्ये कुत्र्याला मोटारीला बांधून फरफटत नेणाऱ्या चालकाला अटक झाली होती. तेथे हेतू व्यायामाचा नव्हता. पण दोरीला बांधलेल्या कुत्र्याला गाडीचा वेग झेपला नाही, तर काय होते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पर्याय कोणते?

सकाळी आणि सायंकाळी पायी फेरफटका हा सर्वांत सुरक्षित व्यायाम होय. कुंपण असलेल्या मैदानात चेंडू आणायला लावणे, पोहणे आणि मनसोक्त हुंगू देणे यांनीही कुत्र्याची ऊर्जा खर्च होते. सायकलचा पर्याय निवडायचाच असेल, तर कुत्रा प्रौढ, निरोगी व आज्ञाधारक असावा. पशुवैद्यकाचा सल्ला घेऊन, गळ्याऐवजी छातीचा पट्टा वापरून, वर्दळ नसलेल्या मातीच्या वाटेवर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. वेग त्याच्या दुडक्या चालीपेक्षा अधिक नसावा.

कुत्रा मागे रेंगाळू लागला, जीभ रुंद व गडद लाल झाली, लाळ चिकट झाली किंवा पाय अडखळू लागले, तर तत्काळ थांबावे. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे. दम लागल्याचे कुत्रा बोलून सांगू शकत नाही. ते ओळखायचे असेल, तर मालकाने वाहनावरून उतरून त्याच्यासोबत चालणेच श्रेयस्कर.