चिकट बॉम्ब आणि चिखल

दुसऱ्या महायुद्धावरील व्हिडिओ गेममध्ये हातबॉम्ब घालताना त्याचा आकार, रंग, आवाज हुबेहूब उतरवता येतो. पण तेवढ्याने इतिहास खरा होतो का? एक उदाहरण पाहू.

१९४० साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याने शेकडो रणगाडाविरोधी तोफा फ्रान्समध्येच सोडल्या. जर्मन स्वारीच्या धास्तीने मग ‘ग्रेनेड नंबर ७४’, म्हणजेच चिकट बॉम्ब, पुढे आला. स्फोटकाने भरलेला काचेचा गोळा आणि त्यावर चिकट द्रव्य लावलेले कापड, अशी त्याची रचना होती.

चिकटवायचे कशासाठी? स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने घटतो. म्हणून स्फोट पोलादाला टेकूनच व्हायला हवा. पण चिखलाने माखलेल्या किंवा ओल्या रणगाड्यावर हा बॉम्ब चिकटत नसे. उलट फेकणाऱ्याच्याच गणवेशाला चिकटण्याची भीती असे. शिवाय सैनिकाला रणगाड्याच्या अगदी जवळ जावे लागे.

वर्गात कोरड्या, ओल्या आणि धुळकट पाटीवर चिकटपट्टी लावून पाहावी. धूळ मध्ये आली की पट्टी पाटीला नव्हे, धुळीला चिकटते. मग मुलांना विचारू या: पडद्यावरच्या युद्धात हा चिखल आणि ती भीती कुठे दिसते?