मगरिबी खंजीर व एका संग्राहकाचें टिपण

१. जुन्या शस्त्रांचा संग्रह करणें ही पुष्कळांस केवळ हौस वाटते, व आरंभीं ती तशीच असते. परंतु एकाच प्रकारचीं हत्यारें वर्षानुवर्षें हाताळलीं म्हणजे ती हौस मनुष्यास निराळ्याच वाटेस लावते. प्रस्तुत लेखकाजवळ उत्तर आफ्रिकेंतील, म्हणजे ज्या प्रदेशास अरब लोक मगरिब म्हणतात तेथील, थोडे खंजीर आहेत. त्यांचें मोल मोठें नाहीं. पण त्यांपैकीं एकानें माझी जी चूक माझ्या पदरांत घातली, ती जुन्या पोथ्या व कागद जमविणारांसही उपयोगी पडेल, अशा समजुतीनें हें टिपण वाचकांस सादर केलें आहे.

२. प्रथम या हत्यारांची ओळख करून देणें अवश्य आहे. मोरोक्कोंतील सर्वांत प्रसिद्ध खंजीर म्हणजे कुम्मिया होय. ज्यांनीं आपल्याकडील जंबिया पाहिला आहे, त्यांस त्याची आकृति ओळखीची वाटेल. तथापि भेदही आहेत. कुम्मियाचें पातें मुठीकडे जवळजवळ सरळ व एकधारी असून टोंकाकडे तें वळतें व दुधारी होतें. मुठीचा माथा मोराच्या पसरलेल्या पिसाऱ्यासारखा रुंद असतो. म्यान पात्याहूनही अधिक वळलेलें असतें, व त्याच्या तोंडाशीं दोन बाजूंस दोन कान काढून त्यांत कड्या अडकविलेल्या असतात. त्या कड्यांत गोफ ओंवून तो खांद्यावरून घेतात, म्हणजे खंजीर डाव्या कुशीस लोंबतो. म्यानावर चांदीचें वा पितळेचें नक्षीकाम करण्याची चाल आहे.

अल्जीरियांतील कबाइल लोकांच्या डोंगराळ मुलखांत फ्लिसा नांवाचें हत्यार होई. इफ्लिसेन या जमातीवरून त्यास हें नांव पडलें. लहान सुरीपासून तलवारीच्या लांबीपर्यंत तें आढळतें; टोंक सुईसारखें निमुळतें, मुठीस परज नाहीं, आणि पात्यावर कोरून बसविलेली पितळेची नक्षी, हीं त्याचीं लक्षणें. १८३० त फ्रेंचांनीं अल्जीअर्स घेतलें व १८५७ त कबाइल मुलूख जिंकला. तेव्हांपासून हीं हत्यारें युरोपांतील संग्रहांत दिसूं लागलीं. सहारांतील तुआरेग लोकांचा तेलेक नांवाचा खंजीर तर कमरेस नसून डाव्या हाताच्या कोपराखालीं बांधलेला असतो. त्याची मूठ मनगटाकडे असते, म्हणजे उजव्या हातानें तो तत्काळ उपसतां येतो.

३. माझ्या चुकीचा संबंध मात्र या तिहींशीं नसून स्बूला नांवाच्या चौथ्याच प्रकाराशीं आहे. हा सरळ पात्याचा खंजीर असून त्याची मूठ, दोन उभ्या दांड्यांमध्यें एक आडवी दांडी बसवावी, अशा घाटाची असते. एकोणिसाव्या शतकांत डेमिन या युरोपीय ग्रंथकारानें हा प्रकार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारचा म्हणून दिला. रिचर्ड बर्टन यानें १८८४ सालीं तरवारीविषयीं जो ग्रंथ छापला, त्यांत तीच माहिती उतरली. मोठ्या नांवाच्या ग्रंथांत एकदां चूक शिरली म्हणजे ती किती दिवस जगते, याचें हें उत्तम उदाहरण आहे. पुढें चार्ल्स ब्युतँ या फ्रेंच संग्राहकानें हा घाट मोरोक्कोचा असल्याचें दाखवून दिलें. मोरोक्कोच्या खंजीर-तरवारींवरील त्याचा लेख १९३९ त ‘एस्पेरिस’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आहे. तरीही विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर झांझिबारचें नांव त्यानंतरही दीर्घकाळ येतच राहिलें.

४. माझा स्बूला मीं विकत घेतला तेव्हां त्यासही अशीच चिठ्ठी बांधलेली होती : ‘झांझिबार, अठरावें शतक.’ मीं ती मुकाट्यानें माझ्या वहींत उतरून घेतली, इतकेंच नव्हे तर पाहुण्यांस खंजीर दाखवितांना मोठ्या अभिमानानें वाचूनही दाखविली. कित्येक वर्षांनीं पात्याच्या पाठीवरील मळ तेलाच्या बोळ्यानें हलकेच पुसत असतां बारीक तिरपीं अक्षरें दिसूं लागलीं. भिंगानें पाहतां तीं फ्रेंच निघालीं : शस्त्रशाळेचें नांव, महिना, आणि १८७६ हें साल. फ्रेंच सैन्याच्या १८७४ च्या नमुन्याच्या संगिनीवर, पात्याच्या जाड पाठीवर, असाच लेख कोरीत असत. म्हणजे माझें ‘अठराव्या शतकांतील’ पातें ही फ्रेंच संगीन होती. मोरोक्कोंतील कारागिरानें ती कापून, घांसून तीस नवी मूठ बसविली होती. एका ओळीनें काळ खोटा ठरला. आणि मूठ ब्युतँच्या वर्णनाशीं ताडून पाहिली तेव्हां स्थळही खोटें ठरलें.

मला प्रथम विषादच वाटला, हें कबूल केलें पाहिजे. हत्यार विकून टाकावें, असेंही मनांत आलें. परंतु दोन-चार दिवसांनीं तें पुन्हां हातीं घेतलें, तेव्हां त्याची किंमत माझ्या मनांत वाढलेली होती. चिठ्ठींतील अठरावें शतक हें नुसतें नांव होतें. १८७६ हें साल बोलकें होतें. परक्याचें शस्त्र हातीं आल्यावर त्यास आपल्या चालीचा घाट देणारा मनुष्य मला त्यांत दिसूं लागला. आपल्याकडे तरी निराळें काय झालें? मराठ्यांच्या फिरंगी तरवारींत पातें युरोपचें व मूठ येथली असे. म्हणून त्या परक्या झाल्या, असें आपण समजत नाहीं.

५. या संग्रहाचा माझ्या मनाशीं संबंध काय, असें मित्र विचारतात. आमच्या घरीं एक कट्यार होती, असें वडील सांगत. आजोबांच्या अडचणीच्या काळांत ती वजनावर मोडींत गेली. तिचें चित्र नाहीं, नोंद नाहीं. मुठीवर पोपट होते एवढेंच वडिलांस आठवे. परदेशांतील खंजीर हातीं येतो तेव्हां मला प्रथम त्या कट्यारीची आठवण होते. जें मजजवळ आलें, तें कोणाच्या तरी घरांतून गेलेलें आहे. दक्षिण मोरोक्कोंतील चांदीकाम बव्हंशीं यहुदी सोनारांच्या हातचें होतें. १९४८ नंतरच्या वर्षांत ते बहुसंख्येनें देश सोडून गेले. त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं नांवें कामावर नाहींत. त्यांचा हात ओळखण्यास आज कामच काय तें उरलें आहे.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपल्या वस्तुसंग्रहास अकालीं वारलेल्या पुत्राचें, राजाचें, नांव दिलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. संग्रहाच्या मुळाशीं पुष्कळदां अशी एक पोकळी असते, असें मला वाटतें. ती पोकळी वस्तूंनीं भरून निघत नाहीं. पण ज्या वस्तु आपल्या हातीं आल्या त्यांची हकीकत आपल्या हातून तरी बुडूं नये, इतकी काळजी घेण्यास ती शिकविते.

६. यावरून जे नियम मीं स्वतःस घालून घेतले आहेत ते असे. चांदी वा पातें चकचकीत करूं नये. मळ काढावयाचा तो अक्षर सांपडेपर्यंत, पुढें नाहीं. म्यान, गोफ व खंजीर यांची ताटातूट करूं नये. बाजारांत गोफ वेगळा विकला जातो, आणि तो कोणाच्या खांद्यावर होता हें सांगणारी खूण त्याबरोबरच जाते. जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी टाकूं नये. पोथीच्या शेवटचा लेखकाचा उल्लेख, मालकाची सही, बस्त्यावरील फडक्याचा तुकडा यांस आपण जपतों, त्याच न्यायानें ही चिठ्ठीही कागदच आहे. माझ्या स्बूलाच्या पेटींत आतां दोन चिठ्ठ्या आहेत. एक विक्रेत्याची, ‘झांझिबार, अठरावें शतक’, दुसरी माझ्या हातची, ‘मोरोक्को, पातें फ्रेंच, १८७६’. माझ्या मागून जो कोणी ही पेटी उघडील, त्यास माझीही चूक सांपडल्यास त्यानें तिसरी चिठ्ठी घालावी व पहिल्या दोन तशाच राहूं द्याव्या, एवढीच विनंति आहे.