पिसू कुणाला चावते?

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हा प्लेगचा जंतू सापडून दोन वर्षं झाली होती. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे सरकारने सुचेल ते केलं. घरं कार्बोलिकने धुतली, झडत्या घेतल्या, अंथरुणं-पांघरुणं जाळली. पुण्यात ही जुलूमजबरदस्ती प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेली. आधी उंदीर पडतात आणि मग माणसं, हे लोकांना दिसत होतं. पण त्या निरीक्षणाची कुणी मोजदाद केली नव्हती.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पकडला. जून १८९८मध्ये कराचीच्या एका हॉटेलात त्यांनी प्लेगचा, पिसवा असलेला उंदीर एका बरणीत ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं, तरी निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँ यांचं म्हणणं फारसं कुणी मानलं नाही. गाली-व्हालेरिओसारख्या टीकाकारांचा आक्षेप असा, की उंदराची पिसू माणसाला चावतच नाही. आक्षेप अगदीच खोटा नव्हता, फक्त तो युरोपातल्या उंदरांच्या पिसवांवर बेतलेला होता. मुंबईच्या उंदरावरची पिसू वेगळ्याच जातीची. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९०३मध्ये सुदानातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं आणि इजिप्तच्या फॅरोवरून तिला ‘चिऑपिस’ हे नाव दिलं.

माणूस आणि उंदीर यांपैकी ही पिसू कुणाला पसंत करते, हे परळच्या प्रयोगशाळेतले कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी प्रत्यक्ष मोजलं. एका चाळीत आधी उंदीर मेले आणि मग उंदीर मरायचे एकदम थांबले. त्यानंतर पिसवांनी रहिवाशांना असं सतावलं, की खोल्या सोडून ते व्हरांड्यात झोपू लागले. तिथेच त्यांच्यातल्या काहींना प्लेग झाला. लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरून ३० पिसवा गोळा केल्या आणि त्यांतल्या १४ उंदरांच्या निघाल्या. एरवी माणसांवरून पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची फक्त एक होती. १९०५मध्ये हे सारं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. प्लेगच्या इतिहासात या दोन आकड्यांइतकी नेमकी साक्ष दुसरी नाही. पिसू उंदराशी एकनिष्ठ असते, ती उंदीर जिवंत असेतोवर. तो मेला, की पोटासाठी ती मिळेल त्या अंगावर उडी मारते. म्हणजे टीकाकारही खरे आणि सिमाँही खरे. फरक पिसूच्या जातीचा होता, तसाच मोजणीच्या वेळेचाही.

त्याच वर्षी प्लेग संशोधन आयोग परळला बसला. त्याने मुद्दाम बांधलेल्या खोल्यांमध्ये पिसवा असलेले, प्लेग झालेले गिनीपिग सोडले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग प्लेगला बळी पडे, तर दोन फुटांवरचा बचावे, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नसे. पिंजऱ्याभोवती सहा इंचांचा चिकट पट्टा पसरला तरी जनावर वाचे. ओस पडलेल्या घरांत सोडलेले गिनीपिग अंगभर पिसवा घेऊन परत येत. तसा तो फुकटचा सापळाच होता, गिनीपिगचं मत न विचारता लावलेला!

कोडं मात्र अजून एक उरलं होतं. मुंबई होरपळत असताना मद्रास इतकी सुटली कशी? उंदीर तर तिथेही मुबलक. कोलंबोत काम करणारे फेबियन हर्स्ट यांनी १९१३च्या सुमारास पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा मद्रासच्या उंदरांवर मुख्यतः ‘अ‍ॅस्टिआ’ ही दुसरी जात निघाली. दिसायला चिऑपिसची सख्खी बहीण. पण उष्ण हवेत माणसाला चावायला नाखूष आणि प्लेग पसरवण्यात ढिली. त्यानंतर नुसत्या उंदरांची गणती पुरेशी राहिली नाही. एका उंदरामागे सरासरी चिऑपिस किती, हा निर्देशांक हिंदुस्थानातल्या शहरांसाठी काढला जाऊ लागला आणि तो एकच्या वर गेला, की धोका मानला जाई.

ही मोजणी आता जुनी झाली, असं समजू नये. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. तिथेही पाहणी करणाऱ्यांनी उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या.