आवाज कोणत्या बाजूने आला?

‘डॉल्बी’ या शब्दाला मराठीत एक वेगळाच अर्थ चिकटला आहे. मिरवणुकीपुढे ट्रॅक्टरवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत म्हणजे डॉल्बी, असे पाचवीतला मुलगाही आज सांगेल. हे नाव मुळात रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याचे आहे. १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून तो भारतात राहिला होता. येथून परतल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा थाटली. त्याला पहिले यश मिळाले ते ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण सर्वांत मोठ्या गोंगाटाला दिले आहे. मिरवणुकीतल्या त्या भिंतींशी त्याच्या कंपनीचा काहीही संबंध नाही.

या गैरसमजामागे आणखी एक गैरसमज दडलेला आहे. चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज, ही ती समजूत. चित्रपटाच्या आवाजाचा इतिहास मात्र वेगळी गोष्ट सांगतो. गेल्या नव्वद वर्षांतले बरेचसे प्रयत्न आवाज कोणत्या बाजूने आला हे ऐकणाऱ्याला कळावे यासाठी झाले. टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी आणि मागच्या बाजूचे बिनतारी ध्वनिक्षेपक हे त्या इतिहासातले एक अलीकडचे पान आहे.

बोहाड्यात बसलेला श्रोता

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा तालुका १९४८ पर्यंत एक छोटे संस्थान होता. कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांच्या या डोंगराळ भागात बोहाड्याची परंपरा आहे. मुखवटे घातलेली देवादिकांची सोंगे रात्री नाचत येतात आणि त्यांच्याबरोबर संबळ आणि पिपाणी वाजत असते. लोक सभोवार बसलेले असतात. सोंग गर्दीतून पुढे येते तसा आवाजही सरकतो. डोळे मिटून बसलेल्या म्हातारीलाही कळते, की सोंग आता डाव्या अंगाला आले आहे.

हे तिला कसे कळते? आपले दोन कान डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाला आधी पोचतो. उजव्या कानाला पोचण्यासाठी त्याला डोक्याला वळसा घालून सुमारे २१ सेंटिमीटर जास्त जावे लागते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर हा फरक सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका येतो. एवढा सूक्ष्म फरक आपला मेंदू टिपतो. शिवाय उंच स्वराचे ध्वनी डोक्यामुळे अडतात आणि पलीकडच्या कानाला थोडे क्षीण ऐकू येतात. वेळेतला फरक आणि तीव्रतेतला फरक या दोन खुणांवरून दिशा कळते, हे लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. खालच्या स्वरांसाठी मुख्यतः पहिली खूण, वरच्या स्वरांसाठी दुसरी. बोहाड्यातल्या श्रोत्याला दोन्ही फुकट मिळतात. चित्रपटाच्या श्रोत्याला त्या पुष्कळ वर्षे मिळाल्या नाहीत.

एकच कर्णा

भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तो मूकपट होता. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. फाळक्यांनी स्वतः एकच बोलपट केला, तो १९३७ सालचा ‘गंगावतरण’.

या बोलपटांत फिल्मच्या कडेला ध्वनीची एकच पट्टी असे. पडद्यामागे कर्णा बसवलेला असे. राजा डावीकडून बोलो की राणी उजवीकडून, दोघांचा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा.

ही उणीव इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलाइन या तरुण अभियंत्याला खटकली. पडद्यावरचे पात्र चालते, पण त्याचा आवाज जागचा हलत नाही, याचे त्याला नवल वाटे. १९३१ च्या डिसेंबरात, म्हणजे ‘आलम आरा’ आला त्याच वर्षी, त्याने दोन ध्वनिमार्गांच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. आज जिला आपण ‘स्टिरिओ’ म्हणतो तिचा पाया या अर्जात आहे. ब्लमलाइन १९४२ साली रडारची चाचणी घेत असताना विमान अपघातात वारला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

श्रोत्याभोवती आवाज

१९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी ‘फँटासाउंड’ नावाची व्यवस्था बनवली गेली. पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन ध्वनिमार्ग होते, आणि सभागृहातही ध्वनिक्षेपक बसवले होते. यंत्रसामग्री इतकी अवजड व महाग होती, की ती मोजक्याच चित्रपटगृहांत लागली. मग दूरचित्रवाणीशी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतील निर्मात्यांना प्रेक्षक घराबाहेर काढण्यासाठी काहीतरी भव्य हवे होते. १९५२ च्या ‘सिनेरामा’त सात ध्वनिमार्ग होते. १९५३ च्या ‘सिनेमास्कोप’मध्ये चार होते, आणि त्यातला चौथा प्रेक्षकांच्या सभोवारच्या ध्वनिक्षेपकांसाठी राखलेला होता.

आपल्याकडे हा अनुभव अनेकांना दिला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ने. मुंबईच्या मिनर्व्हात तो ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह दाखवला गेला. नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली पाहत, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. पण या ध्वनीसाठी फिल्मवर चुंबकीय पट्ट्या लागत, वेगळी प्रक्षेपण यंत्रे लागत. तालुक्याच्या गावी आणि जत्रेतल्या तंबूत ‘शोले’ पोचला तो साध्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीवर, एकाच ध्वनिमार्गासह. चित्रपट तोच, संवादही तेच. दिशा मात्र शहरातच राहिली.

दोनात चार

ही दरी बुजवण्याची एक युक्ती डॉल्बीच्या प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. ती गणिताच्या तासालाही सांगता येईल. फिल्मच्या कडेला प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या दोनच पट्ट्या बसत होत्या. त्यांत चार मार्ग कसे कोंबायचे? मधला ध्वनी, म्हणजे मुख्यतः संवाद, दोन्ही पट्ट्यांत सारखाच नोंदवायचा. समजा, प्रत्येकीत ४. सभोवारचा ध्वनी एका पट्टीत सुलट व दुसरीत उलट नोंदवायचा. समजा, ३ आणि उणे ३. आता दोन पट्ट्यांवर ७ आणि १ हे आकडे आहेत. त्यांची बेरीज केली तर ८ येते. तीत सभोवारचा ध्वनी उरत नाही, केवळ संवाद दुप्पट होऊन येतो. वजाबाकी केली तर ६ येते. तीत संवाद नाहीसा होतो व सभोवारचा ध्वनी दुप्पट होऊन मिळतो. प्रत्यक्षात विद्युत्‌मंडल याहून गुंतागुंतीचे असते आणि मार्गांची थोडी सरमिसळ राहते; पण तत्त्व हेच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत जगभर गाजवली. पुढे १९९२ पासून फिल्मवर अंकीय नोंद करून सहा स्वतंत्र मार्ग देता येऊ लागले. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या जाहिरातींत डॉल्बीचे नाव झळकू लागले ते याच दशकात. चित्रपटगृहाच्या दारावर वाचलेला हा शब्द नंतर मिरवणुकीतल्या भिंतीला चिकटला असावा.

पट्टीची करामत

घरात पाच-सहा पेट्या आणि त्यांच्या तारा मांडणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून प्रश्न उलटा विचारला गेला: आवाज मागून यायला पेटी मागे असायलाच हवी का?

याचे एक उत्तर बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाले. शोधणाऱ्यांपैकी एक होते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल, दुसरे जर्मनीतून आलेले मानफ्रेड श्रोडर. समोरच्या डाव्या पेटीचा आवाज उजव्या कानालाही पोचतो आणि त्यामुळे दिशेच्या खुणा पुसल्या जातात. त्यांनी उजव्या पेटीतून त्याच आवाजाची उलटी, किंचित उशिरा निघणारी प्रत सोडून ही गळती मारली. मग दोनच पेट्यांतून श्रोत्याला बाजूचाही आवाज ऐकवता आला. अट एवढीच, की श्रोत्याने डोके फारसे हलवायचे नाही.

दुसरे उत्तर २००० नंतरच्या दशकात यामाहा कंपनीच्या ‘ध्वनिप्रक्षेपक’ पट्टीने घराघरांत नेले. पट्टीत अनेक लहान ध्वनिक्षेपक ओळीने बसवलेले असतात. सगळ्यांनी एकाच क्षणी आवाज काढला, तर तो समोर जातो. डाव्या टोकापासून एकेकाने किंचित उशीर करत आवाज काढला, तर सर्वांचे तरंग मिळून उजवीकडे झुकलेला झोत तयार होतो. हा झोत बाजूच्या भिंतीवर आणि मग मागच्या भिंतीवर आपटून श्रोत्याकडे येतो. आवाज भिंतीकडून आल्यासारखा वाटतो. उंच स्वरांसाठी हे जमते, कारण ३४०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी केवळ १० सेंटिमीटर असते. ३४ हर्ट्‌झच्या घुमाऱ्याची तरंगलांबी १० मीटर! मीटरभर लांबीची पट्टी त्याला वळवू शकत नाही. सुदैवाने इतक्या खालच्या स्वराची दिशा बंद खोलीत आपल्यालाही नीट कळत नाही. म्हणून त्याची वेगळी पेटी कोपऱ्यात कोठेही ठेवली तरी चालते.

भिंत हेच वाद्य

येथे सुरगाण्याच्या घराचा विचार करून पाहावा. सिमेंटच्या चौकोनी खोलीत झोत ठरल्याप्रमाणे परावर्तित होतो. कुडाच्या घरात भिंत सपाट नसते, मधला आडोसा छपरापर्यंत पोचत नाही आणि वर कौलांखाली मोकळी पोकळी असते. झोताचा काही भाग विखुरतो, काही निघून जातो. छताकडे ध्वनी फेकणाऱ्या नव्या पट्ट्यांना तर सपाट छत लागते. उतरत्या छपरावर आपटलेला ध्वनी परावर्तनाच्या नियमाप्रमाणे भलतीकडेच जाईल. आत बसवलेले गणित जगभर सारखे असले, तरी त्यात विशिष्ट प्रकारचे घर गृहीत धरलेले असते. भिंत सोबत देत नसेल, तर मागे खरीखुरी पेटी ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

बिनतारी पेट्या त्यासाठीच आल्या. पट्टी ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून ते रेडिओलहरींनी मागे पाठवते. लहरींना खोली ओलांडायला काहीच वेळ लागत नाही. वेळ जातो तो आकडे बांधण्यात आणि उलगडण्यात. साध्या ब्लूटूथवर हा उशीर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. म्हणून अशा संचात कमी उशिराची खास व्यवस्था असते आणि सर्व पेट्या एका घड्याळाशी जुळवलेल्या असतात. ‘बिनतारी’ हा शब्दही जपून घ्यावा. संदेशाची तार गेली तरी मागच्या पेट्यांना विजेची तार बहुधा लागतेच.

वर्गात करून पाहण्याजोगे

सुमारे एक मीटर लांबीची रबरी नळी घ्यावी. तिच्या मधोमध खूण करावी. नळी पाठीमागून जाईल अशा रीतीने विद्यार्थ्याने तिची दोन टोके दोन्ही कानांशी धरावीत. दुसऱ्याने मागून पेन्सिलीने नळीवर हलकेच टिचकी मारावी आणि आवाज कोणत्या बाजूने आला ते विचारावे. खुणेपासून एक सेंटिमीटर सरकले तरी दोन्ही मार्गांत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागाइतका. बरेच विद्यार्थी बाजू बरोबर सांगतात. प्रत्येकाला किती सेंटिमीटरपर्यंत फरक कळतो, याचा तक्ता करावा.

एवढ्या नाजूक इंद्रियाचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतर वर्गात आपोआप निघेल. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबेलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. दर ३ डेसिबेल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती किती उरेल, हे मुलांनाच काढू द्यावे. उत्तर पंधरा मिनिटे येते. भारतात २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. मिरवणुकीतली भिंत या आकड्यांच्या कितीतरी पुढे जाते, आणि तिच्यापुढे नाचणाऱ्यांत आपलेच विद्यार्थी असतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या, तर घरात कितीही पेट्या मांडल्या तरी ऐकू येणारे जग अपुरेच राहील. ज्यांची नावे मिरवणुकीच्या तयारीत पुढे असतात, त्या मुलांच्या हाती नळीचा हा प्रयोग आधी द्यावा.